उसाची जात आणि खोडवा खुजा रोग: नवीन शेतकऱ्यांनी कुठून सुरुवात करायची, पायरी पायरीने

ऊस नवीन करणारा माणूस पहिला प्रश्न हाच विचारतो की कुठली जात लावू, आणि दुसरा प्रश्न असतो की ती रोगाला बळी पडते का. काणी असो, लाल कूज असो, याचं उत्तर कोणीतरी देतं कारण ते रोग डोळ्याला दिसतात. पण एक रोग असा आहे की जो दिसतच नाही, ऊस हिरवागार असतो, पानावर ठिपका नाही, पट्टा नाही, शेंडा जळलेला नाही, फक्त खोडवा, म्हणजे तोडणीनंतर बुडख्यातून परत फुटणारा ऊस, दरवर्षी थोडा बारीक, थोडा आखूड येत जातो आणि आपण म्हणतो जात उतरली. त्याला खोडवा खुजा रोग म्हणतात, लॅबवाले आरएसडी (रॅटून स्टंटिंग डिसीज) म्हणतात. हा जिवाणूजन्य रोग आहे, जिवाणूचं नाव लीफसोनिया झायली. जातीजातीत याचा फरक भरपूर पडतो, पण तो फरक समजून घ्यायची पद्धत बाकीच्या रोगांपेक्षा वेगळी आहे. हा लेख त्याच्यासाठीच आहे.

आधी एक गोष्ट पक्की करून घ्या, पुढचं सगळं त्याच्यावरच उभं आहे: जात कितीही चांगली असली तरी बेणं, म्हणजे लागणीसाठी घेतलेला ऊस, स्वच्छ नसेल तर या रोगात जात तुम्हाला वाचवत नाही. उलट जी जात रोग गपचूप सहन करते तीच जात बाकीच्या जातींना रोग देत बसते.

पायरी १: रोग नेमकं काय करतो ते समजून घ्या

हा जिवाणू उसाच्या पाणी वाहून नेणाऱ्या नळ्यांमध्ये राहतो, बाकी कुठे नाही. पानात डाग पाडत नाही, साल कुजवत नाही. नळीत वाढतो आणि नळी हळूहळू चोंदते, ड्रिपच्या लॅटरलमध्ये गाळ बसावा तसं. पाणी भरपूर असेल तोवर पिकाला फार जाणवत नाही, पण एप्रिल-मे मध्ये पाळी लांबली, कॅनॉलचं आवर्तन पुढे गेलं, की रोगी ऊस निरोगी उसापेक्षा लवकर मान टाकतो. म्हणून पाणी कमी असलेल्या रानात नुकसान जास्त. साधारण ५ ते १५ टक्के टनेज जातं असं जगभरचा अनुभव सांगतो, आणि बळी पडणारी जात अधिक पाण्याचा ताण असं दोन्ही जुळून आलं तर ५० टक्क्यांपर्यंत सुद्धा गेलेलं आहे.

साखरेच्या टक्केवारीवर याचा परिणाम फारसा दिसत नाही, मार बसतो तो वजनाला. त्यामुळे कारखान्याच्या रिकव्हरीवरून (साखर उताऱ्यावरून) काही कळत नाही, वजन काट्यावरच कळतं, आणि काट्यावर कमी भरलं की आपण दोष खताला देतो, पाण्याला देतो, तोडणी उशिरा झाली त्याला देतो. तीही कारणं खरी असतात म्हणूनच हा रोग इतकी वर्षं लपून राहतो.

पहिल्यांदा हा लक्षात आला ऑस्ट्रेलियात, क्वीन्सलँडमध्ये, १९४४-४५ च्या सुमारास. तिथे क्यू २८ नावाची जात होती, चांगली चालणारी, तिचे खोडवे एकदम खुजे यायला लागले. बाजूला दुसऱ्या जाती होत्या त्यांचं एवढं काही बिघडलं नव्हतं, म्हणून सुरुवातीला लोक याला त्या जातीचाच आजार समजत होते, क्यू २८ चा रोग असंच म्हणायचे. नंतर कळलं की रोग बाकीच्या जातींतही होता, फक्त क्यू २८ ला तो सोसवला नाही म्हणून तिच्यात उघडा पडला. कित्येक वर्षं हा व्हायरस आहे असंच मानलं जायचं, १९७३ मध्ये नळ्यांमध्ये जिवाणू सापडले आणि १९८० मध्ये तो पहिल्यांदा लॅबमध्ये वाढवता आला, कारण याला वाढवायला खास खाद्य लागतं आणि तरी तो हळूच वाढतो.

पायरी २: प्रतिकारक, सहनशील आणि बळी पडणारी, हे तीन शब्द वेगळे ठेवा

नवीन माणूस इथे सगळ्यात जास्त फसतो म्हणून जरा थांबून वाचा.

प्रतिकारक जात म्हणजे जिच्यात जिवाणू शिरला तरी फार वाढू शकत नाही, मोजक्याच नळ्यांत राहतो. सहनशील जात म्हणजे जिच्यात जिवाणू भरपूर वाढतो पण उत्पादन फारसं घटत नाही. बळी पडणारी म्हणजे जिवाणूही वाढतो आणि उत्पादनही पडतं. आता शेतकऱ्याला बांधावरून पहिली आणि दुसरी जात एकसारखीच दिसणार, दोन्हींचा ऊस चांगला. पण पहिलीच्या रसात जिवाणू कमी, दुसरीच्या रसात भरमसाठ. त्या दुसऱ्या जातीवरून कोयता फिरला आणि तोच कोयता तिसऱ्या जातीच्या प्लॉटमध्ये गेला की तिथे रोग पोचला. म्हणजे सहनशील जात स्वतः सुखी आणि शेजारचा प्लॉट अडचणीत. "माझ्या रानात या जातीला काही होत नाही" हे वाक्य ऐकलं की मी आधी विचारतो, तपासलंय का? कारण काही न होणं आणि जिवाणू नसणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

जातीजातीत फरक का पडतो याचं एक कारण उसाच्या रचनेत सापडलंय. उसाच्या कांड्यामध्ये पाण्याच्या मोठ्या नळ्या सरळ जातात, पण पेऱ्यापाशी, म्हणजे दोन कांड्यांच्या सांध्यापाशी, आल्यावर काही जातींत त्या फुटतात, फाटे पडतात, आणि काही जातींत बऱ्याच नळ्या पेऱ्यातून सरळ आरपार जातात. १९७८ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी हे मांडलं की ज्या जातींत नळ्या पेऱ्यात जास्त फुटतात तिथे जिवाणूला एका कांड्यातून दुसऱ्या कांड्यात जायला अडथळा येतो, त्या जाती जास्त टिकतात. ज्यांच्यात नळी आरपार आहे तिथे जिवाणूला रस्ता मोकळा. मला हे खूप महत्त्वाचं वाटतं कारण यावरून कळतं की हा गुण जातीच्या अंगात आहे, तो खत घालून किंवा फवारणी करून बदलता येत नाही.

पायरी ३: जातीच्या माहितीपत्रकात काय शोधायचं

आपल्याकडे पाडेगावचं मध्यवर्ती ऊस संशोधन केंद्र, मांजरीची वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट आणि कोइमतूरची ऊस पैदास संस्था, या तीन ठिकाणांहून जाती आणि त्यांची माहिती येते. माहितीपत्रकात हंगाम, टनेज, साखर उतारा, आणि रोगांत काणी, लाल कूज, मर यांच्याबद्दल लिहिलेलं असतं. खोडवा खुज्याची ओळ बहुतेक वेळा नसते. ती नसली म्हणजे जात निर्धोक आहे असा अर्थ काढू नका, त्याचा अर्थ एवढाच की निवडीच्या वेळी भर दुसऱ्या रोगांवर होता.

म्हणून माहितीपत्रकात तुम्ही दोन बाकीच्या गोष्टी बघा. एक, जात खोडव्याला कशी आहे, किती खोडव्यापर्यंत टिकते. दुसरं, पाण्याचा ताण किती सोसते. या दोन्हींचा या रोगाशी थेट संबंध येतो. आणि तिसरी गोष्ट पत्रकात नसते ती तुम्ही स्वतः काढा, ती म्हणजे जात किती वर्षं झाली शेतात फिरतीये. को ८६०३२ महाराष्ट्रात १९९६ मध्ये प्रसारित झाली, फुले २६५ नंतर २००७ मध्ये आली. को ८६०३२ चं बेणं कित्येक गावांत एका शेतातून दुसऱ्या शेतात, दुसऱ्यातून तिसऱ्यात असं वर्षानुवर्षं चाललंय, मधे कधी प्रक्रिया नाही, बदल नाही. जात तीच, पण एका शेतातली को ८६०३२ आणि दुसऱ्या शेतातली को ८६०३२ यांच्यात बेण्यामुळे जमीन अस्मानाचा फरक असू शकतो. त्यामुळे दोन जातींची तुलना करताना एकीचं बेणं नवीन आणि दुसरीचं पंधरा वर्षं जुनं असेल तर ती तुलना जातींची राहत नाही, बेण्याची होते. नवीन जात आली की पहिली दोन-तीन वर्षं जबरदस्त वाटते आणि मग "उतरते", त्याच्यामागे बऱ्याचदा हेच असतं.

पायरी ४: शेतात बघा, पण डोळ्यावर किती विश्वास ठेवायचा ते ठरवून बघा

खोडव्याच्या प्लॉटमध्ये जा, सहा-सात महिन्यांचा झाल्यावर. बाहेरून दिसणारी लक्षणं म्हणजे ऊस आखूड, कांडी बारीक, उगवण सावकाश आणि एकाच सरीत काही बेटं (एका बुडख्यातून आलेले उसाचे झुपके) उंच काही बुटकी अशी वर-खाली वाढ. यातलं एकही लक्षण फक्त याच रोगाचं नाहीये. त्यामुळे आधी बाकीची कारणं बाद करा: हुमणी आहे का बेट उपटून बघा, मुळं खाल्लेली असतील तर ऊस सहज उपटून येतो. पानं पिवळी-पांढरी पडली असतील आणि शिरा हिरव्या असतील तर लोहाची कमतरता. गवतासारखे बारीक पांढुरके असंख्य फुटवे असतील तर तो गवताळ वाढीचा रोग, वेगळा आहे. पावसाळ्यात कोवळ्या उसाच्या पानावर मध्यशिरेला समांतर लांब लाल रेघा आणि शेंडा ओढला तर कुजका वास, तो लाल पट्ट्यांचा रोग, तोही जिवाणूचाच पण दुसऱ्या जिवाणूचा. त्या रोगात कुठली जात किती बळी पडते हे जुलै-ऑगस्टमध्ये बांधावरून फिरून सुद्धा सांगता येतं, कारण रेघा दिसतात. खोडवा खुज्यात ती सोय नाही.

आता ऊस कापून बघायचा. पक्व ऊस घ्या, दहा महिन्यांच्या पुढचा, बुडख्याकडची तीन-चार पेरी घ्या. धारदार सुरीने पेऱ्याच्या भागात उभा पातळ काप काढा, चेचून नाही, सरळ. पेऱ्याच्या आत नारिंगी-लालसर बारीक ठिपके किंवा स्वल्पविरामासारख्या छोट्या रेघा दिसल्या तर संशय घ्या. रंग पेऱ्यापुरताच राहतो, कांड्यात पसरत नाही, ही खूण लक्षात ठेवा. कांडं आतून लाल, मधे पांढरे आडवे पट्टे आणि आंबूस वास असेल तर ती लाल कूज, तो वेगळा आणि जास्त घाईचा विषय आहे. कोवळ्या उसात कधी कधी शेंड्याच्या वाढबिंदूच्या खाली फिकट गुलाबी छटा दिसते.

पण परत जातीचा मुद्दा येतोच. काही जातींत हे ठिपके ठळक येतात, काहींत जिवाणू भरलेला असून सुद्धा ठिपके येत नाहीत, आणि काही निरोगी उसात दुसऱ्या कारणाने पेऱ्यात रंग येतो. त्यामुळे ठिपके दिसले तर तपासणीला पाठवा, नाही दिसले तर "नाही" असं लिहून टाकू नका. आणि प्रत्येक ऊस कापल्यावर सुरी स्पिरिटने पुसा, नाहीतर तपासता तपासताच रोग पसरवाल.

पायरी ५: लॅबमध्ये तपासून घ्या

एकट्या दुकट्याला हे जड वाटतं पण दहा शेतकऱ्यांचा गट किंवा कारखान्याचा ऊस विकास विभाग हे सहज करू शकतो, आणि जो माणूस बेणं विकतो त्याने तर केलंच पाहिजे असं माझं स्पष्ट मत आहे.

लॅबमध्ये तीन-चार पद्धती असतात. नळीतला रस काढून खास मायक्रोस्कोपखाली बघणं, अँटिबॉडीची चाचणी, आणि पीसीआर, म्हणजे जिवाणूचा डीएनए ओळखणारी चाचणी. अँटिबॉडीच्या एका पद्धतीत उसाच्या बुडातला गोल तुकडा एका पातळ पडद्यावर दाबून घेतात आणि रंग दिल्यावर ज्या नळ्यांच्या जुडग्यात जिवाणू आहे तेवढेच ठिपके निळे उमटतात. याचा मोठा फायदा म्हणजे नुसतं आहे-नाही कळत नाही तर किती जुडगी भरलीयेत ते मोजता येतं. फ्लोरिडात १९९० च्या दशकात ऊस पैदाशीच्या कार्यक्रमात याच मोजणीवरून जाती निवडल्या जायला लागल्या: एकाच वेळी मुद्दाम रोग दिलेल्या जातींमध्ये जिच्यात कमी जुडगी भरली ती जास्त प्रतिकारक. कारण जिवाणूची संख्या जेवढी जास्त तेवढा उत्पादनाला फटका, हे नातं बऱ्यापैकी सरळ निघालं. तुम्हाला कोणी "ही जात आरएसडीला चांगली आहे" असं सांगितलं तर कशावरून हे विचारा, नळ्या मोजून की नुसता ऊस चांगला दिसला म्हणून.

सॅम्पल देताना काळजी घ्यायच्या गोष्टी: ऊस आठ महिन्यांपेक्षा कोवळा नको, कारण कोवळ्यात जिवाणू इतका कमी असतो की चाचणी निगेटिव्ह येऊ शकते. बुडखाच द्या, शेंडा नको. एका प्लॉटमधून एक ऊस नाही, वीसेक तरी उचला, सगळ्या प्लॉटमध्ये तिरपं चालत, बुटक्या बेटातले पण आणि चांगल्या बेटातले पण. जात, लागण की खोडवा, कितवा खोडवा आणि बेणं कुठून आणलं हे चिठ्ठीवर लिहा, पेन्सिलने, पेनाची शाई रसाने पुसली जाते. प्रक्रिया केलेल्या बेण्याचा पहिला ऊस निगेटिव्ह आला म्हणून लगेच निश्चिंत होऊ नका, थोडा जिवाणू वाचला असेल तर तो दिसायला वेळ लागतो, पहिल्या खोडव्यात परत एकदा बघा.

पायरी ६: आपल्या रानात जातींची तुलना करायची असेल तर

ही पायरी सगळ्यांनी केलीच पाहिजे असं नाही, पण शेतीशाळा चालवणारे, कृषीचे विद्यार्थी, किंवा ज्यांना दोन-तीन जातींत निवड करायची आहे त्यांनी जरूर करावी.

नियम एकच: जातीची तुलना दुसऱ्या जातीशी करायच्या आधी तिच्याच स्वच्छ बेण्याशी करा. म्हणजे जात अ, जुनं बेणं आणि जात अ, प्रक्रिया केलेलं बेणं, शेजारी शेजारी. तसंच जात ब चं. जुनं बेणं म्हणजे तुमच्याच शेतातलं, बाहेरून रोगी ऊस मुद्दाम आणायचा नाही. आता अ मध्ये जुन्या आणि नव्या बेण्यात २० टक्क्यांचा फरक आला आणि ब मध्ये ५ टक्क्यांचा, आणि लॅबने दोन्ही जुन्या बेण्यांत जिवाणू भरपूर असल्याचं सांगितलं असेल, तर ब जास्त सहनशील. जिवाणूच ब मध्ये कमी सापडला तर कदाचित ब प्रतिकारक, किंवा कदाचित ब च्या बेण्यात मुळात रोगच कमी शिरला होता. हे दोन्ही वेगळं करायला लॅबचा रिपोर्ट लागतो, नुसत्या वजनावरून होत नाही. एक मर्यादा ध्यानात असू द्या, जुन्या बेण्यात बाकीचे बेण्यातून येणारे रोगही असतात, त्यामुळे सगळा फरक याच रोगाच्या खात्यावर मांडू नका.

प्रत्येक प्रकाराच्या किमान चार पट्ट्या ठेवा आणि त्या चिठ्ठ्या टाकून विखरा, सगळं जुनं बेणं पाटाच्या एका बाजूला आणि सगळं नवीन दुसऱ्या बाजूला असं केलं तर शेवटी पाण्याचा फरकच मोजाल. कडेच्या सऱ्या सोडून मधल्या सरीतले १० मीटर मोजा: तोडणीलायक ऊस किती, उंची किती, जाडी किती, वजन किती. लागणीच्या वर्षी फरक लहान दिसेल, हिरमुसून सोडू नका, पहिला आणि दुसरा खोडवा झाल्यावरच खरं चित्र येतं. आणि तोडताना कायम स्वच्छ बेण्याच्या पट्ट्या आधी, जुन्या बेण्याच्या नंतर, मधे कोयता निर्जंतुक. एवढं एक चुकलं तर पुढच्या वर्षी सगळ्या पट्ट्या सारख्याच रोगी होतात आणि केलेलं सगळं वाया जातं.

पायरी ७: बेणं स्वच्छ करणं

जात कुठलीही ठरू दे, इथे सूट नाही.

आपण नेहमी जी बेणे प्रक्रिया करतो, १०० लिटर पाण्यात १०० ग्रॅम कार्बेन्डाझिम, १० मिनिटं बुडवणं, ती बुरशीसाठी आहे. ती करायचीच, पण या रोगावर तिचा उपयोग शून्य. जिवाणू नळीच्या आत बसलाय, बाहेरच्या औषधाने तो हलत नाही. उभ्या पिकात अँटिबायोटिक फवारून सुद्धा नाही. बेण्यातून याला काढायचा व्यवहार्य उपाय उष्णता, आणि ती मोजून मापून.

दोन पद्धती आहेत. उष्ण बाष्पयुक्त हवेची प्रक्रिया ५४ अंश सेल्सिअसला अडीच तास, ही आपल्याकडे बऱ्याच कारखान्यांच्या यंत्रात होते आणि गवताळ वाढीच्या रोगावरही तीच चालते. दुसरी गरम पाण्याची, ५० अंशाला दोन तास, ऑस्ट्रेलियात तीन तास ठेवतात. गरम पाण्यात टिपरी (कोंब फुटणारे डोळे असलेले उसाचे तुकडे) टाकली की तापमान पडतं, ते परत ५० वर आल्यावरच घड्याळ सुरू करायचं. दोन-तीन अंश वर गेलं तर डोळे मरतात, खाली राहिलं तर जिवाणू वाचतो, त्यामुळे घरी चुलीवर कढई ठेवून हे करायच्या भानगडीत पडू नका, जिथे यंत्र आणि थर्मामीटर दोन्ही नीट आहेत तिथेच करून घ्या.

उष्णता सोसण्यात सुद्धा जातीजातीत फरक आहे. काही जातींची उगवण प्रक्रियेनंतर फारशी घटत नाही, काहींची बरीच घटते. म्हणून नवीन जातीचं सगळं बेणं एकदम यंत्रात घालू नका, आधी थोडी टिपरी प्रक्रिया करून ट्रेमध्ये उगवून बघा. एक डोळ्याच्या छोट्या तुकड्याला झळ जास्त बसते, दोन-तीन डोळ्यांचं टिपरं बरं. अगदी कोवळं बेणं नको. यंत्रातून काढल्यावर थंड होऊ द्या आणि मग बुरशीनाशकात बुडवा, कारण तापलेला डोळा नाजूक झालेला असतो, बुरशी लगेच धरते. लागण थोडी दाट करा म्हणजे तूट कमी राहील.

प्रक्रिया केल्यावर शंभर टक्के जिवाणू जातोच असं नाही, म्हणूनच आपल्याकडे त्रिस्तरीय बेणे मळ्याची पद्धत आहे: प्रक्रिया केलेल्या किंवा टिश्यू कल्चरच्या रोपांपासून मूलभूत बेणं, त्याच्यापासून पायाभूत, त्याच्यापासून प्रमाणित, आणि प्रत्येक टप्प्यावर पाहणी करून संशयास्पद बेटं उपटून टाकायची. हिशोब सोपा आहे, एकरभर बेणे मळा साधारण दहा एकरांना पुरतो, म्हणजे तुम्ही १० गुंठे स्वच्छ बेणं केलं तर पुढच्या हंगामात अडीच एकर स्वतःच्या खात्रीच्या बेण्यावर लावता येतं. बेणं दर तीन-चार वर्षांनी बदला. बेणं ९ ते ११ महिन्यांचं आणि लागणीच्या उसाचंच, खोडव्याचं नाही, या रोगात तर अजिबात नाही.

रोपवाटिकेतून रोपं घेत असाल तर त्याला विचारा: बेणं कुठल्या मळ्यातलं, प्रक्रिया झाली होती का, किती वर्षांपूर्वी, डोळे काढायचं यंत्र दोन जातींच्या मधे धुता का. रोप ट्रेमध्ये हिरवं टवटवीत दिसतं त्यावर जाऊ नका, रोगी डोळ्याचं रोप सुद्धा तसंच दिसतं.

पायरी ८: कोयता

हा रोग पसरवणारा कीटक कोणताही सापडलेला नाही. पसरतो तो बेण्यातून आणि कापणाऱ्या पात्यातून. रोगी उसाचा रस पात्यावर लागतो, पुढचा ऊस तोडला की त्याच्या नळीत जातो. हार्वेस्टर असेल तर त्याच्या खालच्या पात्यांचंही तेच.

पूर्ण रानात तोडणीच्या टोळीला प्रत्येक बेटानंतर कोयता बुडवायला सांगणं शक्य नाही, आणि ती माणसं पहाटेपासून टनावर राबत असतात, त्यांच्यावर हे ढकलणं बरोबर पण नाही. पण बेणे मळ्यात आणि नवीन लागणीच्या वेळी मात्र आपणच सोय करून द्यायची. प्रत्येक माणसामागे दोन कोयते, एक हातात एक बादलीत. आधी पात्यावरचा रस-माती पाण्याने धुवायची कारण घाणीवर औषध चालत नाही, मग ७० टक्के स्पिरिट किंवा लायसॉलसारख्या जंतुनाशकाच्या द्रावणात निदान पाच मिनिटं. रान बदललं, जात बदलली, बेण्याचा ट्रक बदलला, की हे परत करायचं. टिपरी तोडताना सुद्धा.

तोडणीचा क्रम जातीवरून ठरवा. सगळ्यात आधी प्रक्रिया केलेल्या बेण्याचा प्लॉट, मग नवीन लागण, मग पहिला खोडवा, शेवटी जुने खोडवे. तुमच्याकडे एखादी जात तपासणीत जिवाणूने भरलेली निघाली असेल तर ती दिसायला कितीही चांगली असो, तिचा नंबर शेवटचा.

खोडवा राखताना दोन ठिकाणी लोकांचं लक्ष नसतं. एक म्हणजे बुडखे छाटणी. जमिनीलगत बुडखे छाटणं चांगलंच आहे, पण तो कोयता एका दमात रानातल्या प्रत्येक बेटाला लागतो, म्हणजे एका रोगी बेटाचा रस पूर्ण सरीला मिळतो. छाटणी करणाऱ्याला दर सरीच्या शेवटी पातं निर्जंतुक करायला लावा. दुसरं म्हणजे नांग्या भरणं. खोडव्यात तूट पडली की मिळेल तिथून रोपं आणून लावतात, कधी दुसऱ्या जातीची पण. स्वच्छ प्लॉटमध्ये नांग्या भरायला त्याच प्लॉटच्या बेण्याची रोपं वेगळी ट्रेमध्ये करून ठेवा, लागणीच्या वेळीच शंभर-दोनशे जास्त करायची, फार खर्च नाही.

पायरी ९: जुना ऊस मोडून नवीन लावताना

रोगी खोडवा मोडला आणि त्याच रानात पंधरा दिवसांत स्वच्छ बेणं लावलं तर जुन्या बुडख्यातून फुटणारे कोंब नव्या उसात मिसळतात. ते वेगळे ओळखू येत नाहीत, विशेषतः जात तीच असेल तर, आणि तोडणीला कोयता दोन्हींवरून जातो. त्यामुळे मधे एक पीक घ्या, सोयाबीन, हरभरा, ताग, जे बसेल ते, आणि त्या काळात फुटलेलं उसाचं एकूण एक कोंब मुळासकट काढा. हा जिवाणू शेतात नैसर्गिकपणे उसातच सापडतो, सोयाबीन-हरभऱ्यावर तो तग धरत नाही. रान मोकळं ठेवणं शक्यच नसेल तर निदान नवीन सऱ्या जुन्या सऱ्यांच्या मधोमध पाडा आणि जुन्या ओळीत जे उगवेल ते पहिल्या दोन महिन्यांत खुरप्याने काढत राहा.

आणि वही ठेवा. प्लॉटचा गट नंबर, जात, बेण्याचा स्रोत, प्रक्रियेची तारीख, लागणीचं आणि प्रत्येक खोडव्याचं टनेज, लॅबचा निकाल. दोन खोडवे झाले की त्या वहीतल्या प्रत्येक जातीच्या स्वच्छ बेण्याचा आणि जुन्या बेण्याचा आकडा शेजारी शेजारी लिहा, आणि पुढच्या लागणीला कुठली जात किती गुंठे ठेवायची ते त्या आकड्यांवरून ठरवा.